गोरामींची भाऊबंदकी: काय करावं?

रामबागकर (धागाकर्ता) | २६ एप्रिल, रात्री १०:१२

मंडळी, एरवी मी इथे फक्त पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असतो. आज मात्र माशांचा प्रश्न घेऊन आलोय, आणि तळायच्या नव्हे.

दहावीचे पेपर संपल्यावर लेकाला फिश टँक हवा होता. दोन फुटी आणला, २४ × १२ × १२ इंच. त्यात पाच गोरामी: एक निळा, दोन सोनेरी, दोन मार्बल. दुकानदार म्हणाला, "भिया, तीनों अलग-अलग जात के हैं, आपस में नहीं उलझेंगे." पहिला महिना खरंच कुणी उलझलं नाही. आता निळ्याच्या अंगात आलंय. वरचा उजवा कोपरा त्याने बळकावलाय आणि दुसरं कुणी वर आलं की हा तीरासारखा सुटतो. एका सोनेरीची शेपटी कंगव्यासारखी झालीये. एक मार्बल दिवसभर फिल्टरमागे उभा. बरं, खाण्यावरून म्हणावं तर तेही नाही, दाणे पडलेले असतात आणि हा ते सोडून मारत सुटतो.

निळ्याला काढून टाकू? की अजून मासे आणू, म्हणजे मार वाटला जाईल? बायको म्हणते टँकच काढून टाका.

सराफ्यातला_भुक्कड | २६ एप्रिल, रात्री १०:३१

वरून थोडी शेव भुरभुरून बघा. इंदुरात त्याशिवाय कुणाचंच डोकं शांत होत नाही.

(दिवे घ्या. खरंच घालू नका.)

खवले | २६ एप्रिल, रात्री ११:०५

दुकानदाराने तुम्हाला गंडवलंय. निळा, सोनेरी आणि मार्बल (याला ओपलाइनही म्हणतात) हे तिन्ही एकाच जातीचे आहेत, ट्रायकोपोडस ट्रायकोप्टेरस, म्हणजे थ्री स्पॉट गोरामी. मूळ माशाच्या अंगावर ठिपके दोनच असतात, तिसरा ठिपका म्हणजे त्याचा डोळा. सोनेरी आणि मार्बल हे माणसाने निवडून वाढवलेले रंग. तेव्हा तुमच्याकडे तीन जाती नाहीत, तीन रंगांचे सदरे घातलेले पाच चुलत भाऊ आहेत. आणि भाऊबंदकी परक्याशी होत नसते.

महिनाभर शांतता होती कारण पोरं लहान होती. वयात आले की नर जागा धरतात. हा मासा १२ ते १५ सेंटिमीटर होतो. तुमच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तर ५६ लिटर पाणी मावतं, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीसच्या आसपास. एवढ्या जागेत एकच नर राजा होऊ शकतो.

आता पाठीवरचा पर बघा. नराचा लांब आणि टोकदार, मागे शेपटीच्या बुडापर्यंत पोचणारा. मादीचा आखूड, गोल, आणि पोट भरलेलं. मोजून सांगा किती नर निघतात. तोवर नवा मासा आणू नका.

रामबागकर | २७ एप्रिल, सकाळी ७:४०

मोबाईलवर फोटो काढून मोठे करून पाहिले. निळा नर, यात शंकाच नाही. एक सोनेरी नर. फिल्टरमागचा मार्बलही नर! उरलेल्या दोघींचे पर गोल.

सराफ्यातला_भुक्कड | २७ एप्रिल, सकाळी ७:५२

तीन नवरदेव, दोन नवऱ्या आणि एकच मांडव. शेव रद्द, भटजी बोलवा.

बोरिंगवाला | २७ एप्रिल, दुपारी १:१५

खवले साहेब, तुमचं पुस्तकी ज्ञान ठीक आहे पण मी पंधरा वर्षं मासे पाळून राहिलोय. सरळ उपाय आहे, गर्दी करा. माझ्याकडे आफ्रिकन सिक्लिड होते, तीन फुटात पंचवीस. एकाला धरून मारायला कुणाला फुरसतच मिळत नव्हती. भिया, अजून सहा गोरामी टाका आणि मोठा फिल्टर लावा. बस.

बडोद्याची_काकू | २७ एप्रिल, दुपारी ३:२०

बोरिंगवाला, सिक्लिडचं औषध गोरामीला नका देऊ हो. मीही केलं होतं हे. आमच्याकडे बडोद्याला चार फुटीत पर्ल गोरामींची जोडी सुखाने नांदत होती. ऐकीव सल्ल्यावरून तिच्यात चार थ्री स्पॉट सोडले, आणि वर मोठा फिल्टर. गोरामी मूळचा संथ पाण्यातला, दलदलीतला, भातखाचरातला मासा. त्या प्रवाहाने सगळे दमले आणि जो दमला नाही त्याने बाकीच्यांना झोडपलं. एका पर्लच्या मिशा तुटल्या (पोटाखालचे ते दोन लांब दोरे. त्यांनीच तो चाचपतो, चव घेतो. आंधळ्याची काठीच म्हणा). परत वाढल्या, पण दीड महिना लागला.

पर्ल शांत असतो बरं का. नर एकमेकांना छाती दाखवतात, दोन ढुशा देतात, संपलं. एवढ्यात नवा टँक घेणार असाल तर पर्लचा विचार करा. पण रामबागकरांचा प्रश्न आजचा आहे, त्यामुळे माझे दोन आणे: निळ्याला आठवडाभर वेगळा ठेवा.

बोरिंगवाला | २७ एप्रिल, संध्याकाळी ५:०२

बरं. गोरामी मी पाळले नाहीत हे मान्य. फिल्टरचा मुद्दा मागे घेतो. गर्दीचा नाही.

पुणेरी_पुलाव | २७ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

"पाळून राहिलोय" हे कोणत्या गावचं मराठी?

सराफ्यातला_भुक्कड | २७ एप्रिल, संध्याकाळी ५:३३

होळकरांच्या गावचं. तुम्ही पुलाव खाऊन राहा.

रामबागकर | २९ एप्रिल, रात्री ९:४८

काकूंचं ऐकून काल निळ्याला जुन्या प्लास्टिकच्या टबात काढला. झाकण लावलंय, स्पंज फिल्टर आहे. टँकमध्ये रात्रभर रामराज्य. मार्बल फिल्टरमागून बाहेर आला, खाल्लं, आम्ही टाळ्या वाजवल्या.

आज संध्याकाळी ऑफिसातून येतो तर सोनेरी नर त्याच उजव्या कोपऱ्यात उभा आणि मार्बल परत फिल्टरमागे! म्हणजे खुर्ची तीच, साहेब बदलला. इतके दिवस मार खाणारा हाच तो, शेपटीचा कंगवा झालेला.

खवले | २९ एप्रिल, रात्री १०:२०

हे होणारच होतं. वरच्याला काढलं की दोन नंबरचा वर चढतो. म्हणून नुसता दादा काढून भागत नाही, खुर्चीही मोडावी लागते. दगड, कुंड्या, झाडं सगळं हलवून नकाशाच बदला. निळा परत टाकायचाच असेल तर मांडणी बदलून झाल्यावर, सगळ्यांत शेवटी टाका. मग तो पाहुणा म्हणून येतो, मालक म्हणून नाही. आणि लाइट बंद करून सोडा.

निवांत_नर्मदा | ३० एप्रिल, सकाळी ११:१०

एवढा त्रास कशाला करून घेताय? निळा सिरपूरच्या तलावात सोडून द्या. तोही सुखी, तुम्हीही.

खवले | ३० एप्रिल, सकाळी ११:२४

हे चुकूनही करू नका. कळकळीने सांगतोय. थ्री स्पॉट हा आग्नेय आशियातला मासा, आपल्याकडचा नाही. तो हवेतला श्वास घेतो, त्यामुळे जिथे इतर मासे गुदमरून मरतील अशा घाण पाण्यातही टिकतो आणि वाढतो. सिरपूर २०२२ पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे. तिथल्या माशांवर हा पाहुणा लादायची गरज नाही. यशवंत सागर, पिपल्यापाला, विहीर, कुठेच नाही.

निवांत_नर्मदा | ३० एप्रिल, सकाळी ११:४०

माहीत नव्हतं. आम्ही तर गणपतीनंतर गोल्डफिश पण... असो. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकणं) करता येत नाहीये.

ग्वाल्हेरचा_शिंपला | ३० एप्रिल, दुपारी ४:०५

खवले यांना मोदक. अवांतर होईल, पण गोरामी म्हटलं की आपण परदेशी मासाच डोळ्यांपुढे आणतो. आपल्या गंगेच्या खोऱ्यातही गोरामी आहेत. ड्वार्फ गोरामी आणि हनी गोरामी या दोघांची शास्त्रीय नोंद फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या त्याच्या ग्रंथात केली. बंगालीत या कुळाला खलिशा म्हणतात आणि चक्क खातात. म्हणजे दुकानातून आपण 'इम्पोर्टेड' म्हणून आणतो त्यातले दोन आपल्याच नद्यांचे.

लहान टँकला हनी सगळ्यांत बरा. पाचेक सेंटिमीटरचा, स्वभावाने गरीब. ड्वार्फ दिसायला देखणा, पण नर-नर ठेवले की तेच भांडण, शिवाय त्याला इरिडोव्हायरस नावाचा रोग लागतो आणि त्यावर औषध नाही. घेताना अंगावर फोड किंवा फिका रंग दिसला तर कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका.

अपर्णा_तिलकनगर | ३० एप्रिल, रात्री ८:१५

रोमात (नुसती वाचत) होते, आता राहवेना. आम्हाला लग्नात कुणीतरी किसिंग गोरामींची जोडी भेट दिली होती, "प्रेमाचं प्रतीक" म्हणून. दोघं तोंडाला तोंड लावून तासन् तास. पाहुण्यांना कौतुक. नंतर कळलं की ती ताकद आजमावायची रीत आहे, पंजा लढवतात तशी! म्हणजे आमच्या दिवाणखान्यात वर्षभर कुस्त्या चालल्या होत्या आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतो. शिवाय तो मासा फूटभर होतो हे देणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

सराफ्यातला_भुक्कड | ३० एप्रिल, रात्री ८:१९

प्रतीक बरोबरच होतं हो वहिनी. हलकेच घ्या.

रामबागकर | ३ मे, रात्री १०:५५

बरीच प्रगती आणि एक मजेदार गोष्ट.

परवा रविवारी मांडणी बदलली. मातीची कुंडी अर्धी फोडून पालथी घातली, ड्रिफ्टवूड मधोमध उभं केलं. आई शेजारी खुर्ची टाकून बघत होती. आईचं बालपण जुन्या इंदुरातल्या वाड्यात गेलंय. पाच बिऱ्हाडं, एक नळ. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "अरे, हे नळावरचं भांडण आहे. सगळ्यांना पाण्यासाठी एकाच जागी यावं लागतं आणि एक बाई तिथे हंडा लावून बसलीये."

मी म्हटलं, आई, त्यांना पाणी कशाला, ते पाण्यातच आहेत. तर म्हणाली, "मग वर कशाला येतात सारखे?"

आणि माझी ट्यूब पेटली. हवा घ्यायला येतात! खवले, हे बरोबर आहे का? निळा खाण्यासाठी भांडतच नव्हता, तो वरचा कोपरा राखत होता आणि बाकीच्यांना श्वासाला वर येऊ देत नव्हता. मार्बल फिल्टरमागे का, तर तिथे काचेला चिकटून गुपचूप वर जाता येतं.

खवले | ३ मे, रात्री ११:३०

आईंना साष्टांग नमस्कार. मी एवढं लिहिलं आणि मुद्द्याची गोष्ट त्यांनी सांगितली.

गोरामीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, लॅबिरिंथ नावाचा घड्याघड्यांचा अवयव असतो. त्यात तो वरून घेतलेली हवा साठवतो आणि तिच्यातला प्राणवायू रक्तात घेतो. नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही, वर यावंच लागतं. आणि नर पिलांसाठी बुडबुड्यांचं घरटं बांधतो तेही वरच, तरंगतं. म्हणजे पोटाची नव्हे, श्वासाची आणि संसाराची दोन्ही भांडणं त्याच एका पृष्ठभागावर. तुमचा उजवा कोपरा फिल्टरच्या धारेपासून सगळ्यांत लांब असणार, पाणी स्थिर असणार. घरट्याची पहिली पसंती तीच.

तेव्हा आईंच्या भाषेत उपाय: नळ वाढवा. तरंगती झाडं टाका, वॉटर लेट्यूस किंवा साल्व्हिनिया. त्यांची मुळं खाली लोंबली की पडदे होतात आणि वरची जागा चार-पाच खोल्यांत वाटली जाते. या खोलीत कोण आलं ते त्या खोलीतल्याला दिसत नाही. भांडण निम्मं नजरेचं असतं. दाणेही एकदम दोन टोकांना टाका. फिल्टरची धार काचेवर वळवा.

फक्त जलपर्णी आणू नका, ती टँक गिळेल.

बडोद्याची_काकू | ४ मे, सकाळी ९:००

आमच्याकडेही वाड्यात एक काकू होत्या हंडा लावून बसणाऱ्या. त्यांच्यासाठी शेवटी दुसरा नळ घेतला, तर त्या दोन हंडे लावून बसू लागल्या. म्हणून सांगते, झाडं टाका, पण दोन फुटात तीन नर काही सुखी होणार नाहीत. दोन कुणाला तरी द्या.

अजून एक. मे महिना आहे, तुमच्याकडे पाण्याचं तापमान किती? आमच्या बैठकीत ३१ पर्यंत जातं. गोरामीला २४ ते २८ बरं. पाणी ऊबदार झालं की नरांना लग्नाचं वारं लागतं आणि वारं लागलं की दादागिरी वाढते. टँक खिडकीतून हलवा. रात्री झाकण उघडं ठेवून त्यावर कूलरचा झोत मात्र नको. वरची हवा एकदम गार आणि कोरडी झाली तर यांच्या श्वासाला त्रास होतो.

बोरिंगवाला | ४ मे, सकाळी ९:४५

पाण्याचं निघालंच आहे तर: रामबागकर, पाणी बदलताना बोरिंगचं की नर्मदेचं? आमच्याकडे बोरिंगचं इतकं जड की हीटरवर पांढरा थर बसतो. नर्मदेचं हलकं, पण क्लोरीन असतो, आणि येतं एक दिवसाआड. आलं की सरळ टँकमध्ये ओतू नका. बादलीत उघडं एक दिवस ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. फाटलेल्या परांना याहून मोठं औषध नाही, स्वच्छ पाणी, दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचं. हळद टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. हा मुद्दा मात्र अनुभवाचा आहे, सिक्लिडचा असला तरी.

खवले | ४ मे, सकाळी १०:१०

पूर्ण अनुमोदन. (हो, बोरिंगवाल्यांना. स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

रामबागकर | १९ मे, रात्री ९:२५

धागा वर काढतोय. वॉटर लेट्यूस टाकून दोन आठवडे झाले. मुळं बोटभर लोंबतात, टँक दाढी वाढवलेल्या बाबासारखा दिसतो. पण फरक आहे. मार्बल आता डाव्या कोपऱ्यात येतो, श्वास घेतो, जातो. पाठलाग होतो, पण दोन वीत. मुळांच्या पलीकडे गेला की सोनेरी विसरून जातो.

निळा अजून टबात आहे. त्याला परत आणायची हिंमत होत नाही.

अपर्णा_तिलकनगर | १९ मे, रात्री ९:५०

आमच्या किसिंग जोडीने राज्य केलेला चार फुटी टँक रिकामा नाहीये, पण त्यात आता फक्त मोठे सिल्व्हर डॉलर मासे आणि एक म्हातारा प्लेको मासा आहे. झाडं प्लास्टिकची, जागा भरपूर. गोरामी एकही नाही. निळा मला द्या.

रामबागकर | १९ मे, रात्री ९:५२

ताई, कुठे आणून देऊ?

अपर्णा_तिलकनगर | १९ मे, रात्री ९:५५

रविवारी सकाळी आठला, छप्पन दुकानवर. पोहे तुमच्याकडून.

सराफ्यातला_भुक्कड | १९ मे, रात्री ९:५८

मीही येतो. माशासाठी.

अपर्णा_तिलकनगर | २८ मे, दुपारी २:४०

निळ्याची खबर. पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवली, मग सोडला. तुमचा दादा तीन दिवस लाकडाखाली बसून होता! सिल्व्हर डॉलर नुसते शेजारून गेले तरी रंग उडायचा. आता बाहेर येतो, पण एकदम सभ्य, जेवायला सगळ्यांच्या शेवटी. रामबागकर, हाच तो नक्की? पोहे खाताना बदलला तर नाही?

पुणेरी_पुलाव | २८ मे, दुपारी ३:०५

आमच्याकडेही असे लोक आहेत. सोसायटीत वाघ, ऑफिसात उंदीर.

बडोद्याची_काकू | २८ मे, दुपारी ४:३०

मोठी जागा, अनोळखी मंडळी आणि राखायला कोपरा नाही. मग कशासाठी भांडेल बिचारा? रामबागकर, मार्बल नराचं काय करताय? की दोघांचं चाललंय?

रामबागकर | १४ जून, रात्री १०:३०

काकू, शेवटी मार्बल नर लेकाच्या मित्राकडे गेला, त्याच्याकडे एकटाच राहील. आता इथे एक सोनेरी नर आणि दोन माद्या.

गेल्या आठवड्यात पहिला पाऊस पडला, हवा गार झाली, आणि सोनेरीने वॉटर लेट्यूसच्या पानाखाली बुडबुड्यांचा फेस जमवला, बशीएवढा. आम्ही सगळे समोर बसून. मार्बल मादी खाली गेली, त्याने तिला अंगाची कमान करून मिठी मारली, अंडी वर तरंगली. आई म्हणाली, "झालं, आता ही बाळंतीण बाई माहेरी पाठवा." खवल्यांनी व्यनित (खासगी निरोपात) तेच सांगितलं होतं, अंडी घालून झाल्यावर नर मादीलाही घरट्याजवळ उभं करत नाही. दोन्ही माद्या त्याच टबात हलवल्या. अंडी दुसऱ्या दिवशी फुटली. धुळीच्या कणांसारखी पिल्लं होती. किती वाचतील देव जाणे, फिल्टर बंद ठेवलाय, पाण्यात उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर कालवून देतोय.

एक राहिलंच. आज लेक दुकानात दाणे आणायला गेला होता. दुकानदार म्हणाला, "भिया, मूनलाइट गोरामी आया है, चांदी जैसा. एकदम अलग जात है, तुम्हारे वाले से नहीं उलझेगा." लेक आता बाहेर रुसून बसलाय की मी नाही का म्हणालो.

खवले | १४ जून, रात्री १०:४७

मूनलाइट खरंच वेगळी जात आहे, ट्रायकोपोडस मायक्रोलेपिस. या वेळी तो खरं बोलून राहिलाय.

तरी घेऊ नका.

पुणेरी_पुलाव | १४ जून, रात्री १०:५०

"बोलून राहिलाय"??

सराफ्यातला_भुक्कड | १४ जून, रात्री १०:५१

खवले पण आमच्यात आले. बाकी पिल्लांचे फोटो टाका, आणि माहेरच्या टबाचा पण.